घरात ‘राजकारण बंद’ची पाटी लावू का?

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या एका लेआऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहणाऱ्या ताईंनी लिहिलंय. वय ४७. घरीच दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. घरात सासू-सासरे, सरकारी नोकरीतले यजमान आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. सासरे आणीबाणीत दहा महिने तुरुंगात होते.

यंदा लेआऊटच्या गणपतीत एका विनोदी कलाकाराचा कार्यक्रम ठरला. बायका, जाडी माणसं, आरक्षणातून आलेली मुलं हे त्याच्या विनोदांचे ठरलेले विषय. मुलाने आणि त्याच्या मित्रांनी ग्रुपवर विरोध केला आणि ‘कार्यक्रम झालाच तर स्टेजसमोर बसून घोषणा देऊ, होऊ देणार नाही’ असंही लिहिलं. मंडळाने कार्यक्रम रद्द केला. सासरे भडकले : “तेव्हा सरकारनं तोंड बंद केलं होतं, आता माझाच नातू करून राहिला.” पुढे पंधरा दिवसांत जोराचा पाऊस झाला. सिमेंटचा रस्ता उंच झाल्यामुळे पाणी घरांमध्ये शिरलं. मुलाने त्या पाण्यात उभं राहून रील केली. त्यात कंत्राटदाराचं आणि एका माजी नगरसेवकाचं नाव घेऊन दोघांना ‘चोर’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी यजमानांना ‘पोराला समजवा’ असा फोन आला. यजमानांनी रील काढायला लावली. सासरेही म्हणाले, “काहून बाप्पा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो? काढून टाक ते.” त्यावर मुलगा म्हणाला, “तुम्ही जेलमध्ये गेले तेव्हा तुम्हाला कोणी काढून टाक म्हटलं होतं?”

तेव्हापासून आजोबा आणि नातू एका वेळी जेवायला बसत नाहीत. ताई विचारतात : ही पिढी स्वातंत्र्याच्या विरोधात आहे, की जुनी पिढी ढोंगी आहे? आणि शांतता राहावी म्हणून ‘या घरात राजकारण बंद’ असा नियमच करून टाकला तर चुकेल का? पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे : (तोच कलाकार मागच्या वर्षीही आला होता. तेव्हा मीही हसले होते.) खाली सही, ‘मधली’.

---

ताई,

कंसातल्या ओळीकडे शेवटी येते. आधी रुसलेल्या दोघांचं बघू.

तुम्ही मला दोनच पर्याय दिलेत. एक तर मुलगा स्वातंत्र्याचा वैरी, नाहीतर सासरे ढोंगी. तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला माहीत असेल, मुलाचं उत्तर सारखं चुकत असेल तर आधी त्याने उदाहरण वहीत नीट उतरवलंय का ते बघावं लागतं. इथे मला उतरवण्यातच चूक दिसते. तुमच्या घरात बोलण्याचं स्वातंत्र्य नकोय असं कोणीच नाही. दोघांनाही ते हवंय, आणि दोघांनीही एकेकदा दुसऱ्याला गप्प केलंय. फरक आहे तो दोघांनी तरुणपणी तोंडावर कोणाचा हात आलेला पाहिला, यात. माणूस त्याच हाताला ओळखतो. दुसरा हात त्याला हात वाटतच नाही.

आजोबांचा हात कोणता ते उघड आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, लगेच वर्तमानपत्रांवर तपासणी बसली, आणि काहींनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मी तेव्हा सहावीत होते, आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. मला राजकारण कळत नव्हतं, पण एवढं आठवतं की कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर अनोळखी माणूस आला की वडिलांचे मित्र एकदम पावसाबद्दल बोलायला लागायचे. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. तरी बाई जे बोलायचं ते बोलल्या, आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. तुमचे सासरे कोणत्या पक्षाकडून आत गेले ते तुम्ही लिहिलं नाही, आणि न लिहिलेलं बरंच केलं. त्या वेळी नाना विचारांची माणसं एकाच बराकीत होती. अशा माणसाच्या लेखी गप्प करणारा म्हणजे सरकार. तो खाकी कपड्यात येतो, हातात कागद असतो आणि रात्री दार वाजवतो. कोणीही ‘बंद करा’ म्हटलं की त्यांना तेच दार आठवत असणार.

तुमच्या मुलासाठी आणीबाणी हा पुस्तकातला धडा. त्याने पाहिलेला हात निराळा आहे. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या फोटोखाली चाळीस जण दात काढतात आणि ती दुसऱ्या दिवशी कॉलेजला येत नाही. ‘कोट्यातला’ म्हणून हिणवलेला मित्र सगळ्यांच्या बरोबरीने हसतो आणि मग हॉस्टेलच्या खोलीत दोन दिवस कोणाशी बोलत नाही. मुलाच्या लेखी तोंड बंद करणारं सरकार नसतं, हसणारी गर्दी असते. म्हणून तो सरकारला बिनधास्त चोर म्हणतो आणि विनोदाला घाबरतो. आजोबा विनोदाला हसतात आणि सरकारला घाबरतात. दोघांनाही समोरचा उफराटा वाटतो.

आता तुमच्या सासऱ्यांच्या तोंडी असेल, माझ्या पिढीच्या तोंडी तर सर्रास असतं, ते एक वाक्य : ‘आमच्या वेळी सगळं बोलता यायचं, कोणी असं टोचून घ्यायचं नाही.’ हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन. पण ‘सगळं’ म्हणजे काय आणि ‘कोणाला’? पानठेल्यावर कोण उभं असायचं? एका वयाचे, बहुधा एकाच आळीतले पुरुष. ज्यांच्यावर विनोद व्हायचा त्या बायका स्वयंपाकघरात. ज्या जातीवर व्हायचा तिचा माणूस एक तर तिथे नसायचा, किंवा असला तर कामाला असायचा आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. टोचत नव्हतं असं नाही, टोचलेलं सांगायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नाव ‘मूकनायक’ ठेवावं लागलं, यातच सगळं आलं. आणि ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथल्या माणसांना हे मी वेगळं काय सांगू? आता त्या वर्गात, त्या मंडळाच्या खुर्च्यांवर सगळे शेजारी शेजारी बसतात. विनोद पन्नास वर्षांपूर्वीचाच आहे, पण आता ज्याच्यावर तो आहे तो दुसऱ्या रांगेत बसलेला असतो, आणि त्याच्या हातात फोन असतो.

फोनचं तर निराळंच. पानठेल्यावरचं बोलणं सुपारीबरोबर थुंकून टाकायचे, रात्रीपर्यंत काही उरायचं नाही. मुलाच्या पिढीने बोललेलं प्रत्येक वाक्य कोणाकडे ना कोणाकडे साठलेलं असतं. सोळाव्या वर्षी टाकलेली ओळ चोविसाव्या वर्षी नोकरीच्या वेळी समोर येते. या मुलांना शब्द तोलायची जी सवय लागली आहे तिला आपण ‘फारच नाजूक’ म्हणून मोकळे होतो. त्यांच्या जागी आपणही तोललेच असते.

ही तक्रार फक्त तुमच्या घरची किंवा आपल्या देशाची नाही. अमेरिकेत तर बोलण्याच्या स्वातंत्र्याचं वेड आपल्यापेक्षा जास्त. १९६४ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आवारात राजकीय बोलणं-मांडणं करता यावं म्हणून मोठं आंदोलन केलं होतं. पुढे २०१५ मध्ये प्यू या संस्थेने विचारलं, की अल्पसंख्याकांना दुखावणारी विधानं सरकारने रोखावीत का? त्यांच्या हिशेबाने १८ ते ३४ वयाच्या लोकांपैकी ४० टक्के ‘हो’ म्हणाले. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीत हे प्रमाण २४ टक्के होतं आणि सर्वांत म्हाताऱ्या पिढीत १२. तिथल्या आजोबांनीही ‘ही पोरं स्वातंत्र्य घालवणार’ म्हणून कपाळावर हात मारला. पण त्याच आकड्यांत हेही होतं की तरुणांतही बहुमत रोखण्याच्या विरोधातच होतं. तिथली मोजपट्टी आपल्याला जशीच्या तशी लावू नये. सांगायचं एवढंच, की तुमच्या जेवणाच्या टेबलावर जे चाललंय त्यासाठी तुमचे संस्कार कमी पडले असं समजून रात्री जागू नका.

इथपर्यंत वाचून तुमचा मुलगा खूश झाला असेल तर त्याला हा पुढचा भाग वाचायला द्या.

कार्यक्रमाला न जाणं हा त्याचा हक्क. का जात नाही ते ग्रुपवर लिहिणं हाही हक्क. मंडळाला सह्यांचं पत्र देणं, वर्गणी न देणं, ‘आमच्या आयांची टिंगल ऐकायला आम्ही मांडव घालणार नाही’ म्हणणं, हे सगळं बोलणंच आहे आणि त्याला कोणी ‘तोंड बंद करणं’ म्हणत असेल तर चुकतंय. घटनेच्या कलम १९ मधला हक्क आपल्याला मुख्यतः सरकारपासून राखतो. लोकांनी आपल्या विनोदावर हसलंच पाहिजे अशी सोय त्यात नाही. तेव्हा सासरे जेव्हा मंडळाच्या निर्णयाला आणीबाणीच्या रांगेत बसवतात तेव्हा ते फार लांब जातात. त्या कलाकाराला कोणी पकडलं नाही, तो शेजारच्या लेआऊटमध्ये कार्यक्रम करू शकतो. केलाही असेल.

पण ‘होऊ देणार नाही’ ही ओळ निराळी. ती लिहिली त्या क्षणी मुलाने मंडळाशी वाद घालणं सोडलं आणि मंडळाला भीती घातली. कार्यक्रम कोणाचं म्हणणं पटून रद्द झाला नाही, गोंधळ नको म्हणून झाला. आजोबांच्या नाकाला जो वास आला तो इथला, आणि त्यांचं नाक चुकलेलं नाही. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे वाकून अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धमकावणाऱ्यांना शरण जाणं. तो चित्रपट आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा होता, म्हणजे तुमच्या मुलाला आवडला नसता असाच. त्याला एकच विचारा. २०२१ मध्ये देशात एका तरुण विनोदी कलाकाराचे कार्यक्रम धमक्यांमुळे रद्द झाले, तेव्हा त्याच्याच वयाची मुलं चिडली होती. तोही चिडला असेल. त्या वेळच्या ‘होऊ देणार नाही’मध्ये आणि याच्या ‘होऊ देणार नाही’मध्ये त्याला काय फरक दिसतो? तो म्हणेल, आमचा हेतू चांगला होता. ताई, ‘होऊ देणार नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा हेतू त्याच्यापुरता चांगलाच असतो.

टिंगलीचं म्हणाल तर नागपूरकरांना ती शिकवायला कोणी नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते, तिच्याबरोबर बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत वर्षभराच्या सगळ्या पिडा शहराबाहेर काढल्या जातात. महागाई, डेंग्यू, भ्रष्टाचार, मोठेमोठे पुढारी, कोणाकोणाचा बडग्या झाला नाही? मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलंय. नीट पाहिलं तर त्या मिरवणुकीचं एक वळण आहे : बडग्या बहुधा वरच्याचा होतो. ज्याच्या हातात आपलं काही अडलेलं असतं, त्याचा. (बहुधा म्हणते, कारण पाहून मान खाली घालावी असे एक-दोन बडगेही मी पाहिलेत.) मुलाची रील म्हणजे बडग्याच. आणि मंडळाने बोलावलेल्या माणसाचे विनोद खालच्या पायरीवरच्यांवर होते. मुलाला हा फरक आतून कळतोय, नीट मांडता येत नाहीये. त्याचं मांडायचं काम आजोबांशी भांडून नाही, त्यांच्याबरोबर मारबत पाहून झालं असतं. आता पुढच्या पोळ्याला.

आता ‘काढून टाक’कडे वळू. सासऱ्यांना ढोंगी म्हणण्याआधी थोडं थांबा. जो माणूस पंचविशीत आत गेला तो स्वतःच्या जिवावर गेला. आज तो पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि धोक्यात त्याचा मुलगा आणि नातू आहेत. स्वतःसाठी धाडसी असलेली माणसं लेकरांच्या बाबतीत भित्री होतात, यात ढोंग काय? ज्यांना किंमत माहीत आहे तेच घाबरतात. ज्याने कधी बिल भरलं नाही त्याला हॉटेल स्वस्त वाटतं.

आणि ती किंमत एकट्या त्यांनी दिली नव्हती. तुमच्या पत्रात सासूबाई फक्त एकदा येतात, माणसं मोजताना. ते दहा महिने घर कोणी चालवलं? किराणावाला उधार देत होता का? शेजारी बोलत होते का? तुरुंगातली पत्रं तपासून यायची, मग नवरा-बायको एकमेकांना काय लिहीत होते? तुमच्या मुलाने आजोबांच्या जेलची गोष्ट शंभरदा ऐकली असेल. आजीच्या दहा महिन्यांची एकदाही ऐकली नसेल असं मी पैजेवर सांगते. एखाद्या दुपारी भाजी निवडताना त्यांना विचारा, मुलगा घरात असताना विचारा. ‘तुम्हाला कोणी काढून टाक म्हटलं होतं का?’ या त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याकडे आहे. कदाचित कोणीतरी म्हटलं असेल. कदाचित त्यांनीच.

यजमानांचं दुखणं अजून निराळं. शासकीय कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम लागू असतात, महाराष्ट्रात ते १९७९ पासूनचे आहेत. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका त्यांना करता येत नाही, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने समाजमाध्यमांबाबतही तशी ताकीद दिली. पंचवीस-तीस वर्षं त्या नियमांत काढलेल्या माणसाला गप्प बसणं म्हणजे शहाणपणा वाटायला लागतो, आणि तो घरातल्यांनाही तेच नियम लावायला लागतो. पण टीकेची ती मनाई कर्मचाऱ्याला आहे. सज्ञान मुलाने साचलेल्या पाण्याचा व्हिडिओ स्वतःच्या नावाने टाकला म्हणून बापाने नियम मोडला असं होत नाही. हे त्यांना शांतपणे सांगा. आणि तो जो ‘समजावणारा’ फोन आला, त्याची तारीख, वेळ, नंबर आणि ऐकलेले शब्द एका वहीत आजच्या आज उतरवून ठेवा. परत आला तर म्हणायचं, ‘जे सांगायचं ते लेखी द्या.’ बहुतेक जण लेखी देत नाहीत.

मुलाने रीलमध्ये काय चूक केली? एकच शब्द. ‘चोर’.

ज्या घरांत मुलं काहीबाही पोस्ट करतात आणि आईबाप रात्रभर तळमळतात अशा सगळ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ हे ‘त्रासदायक’ पोस्टसाठी अटक करायला वापरलं जायचं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पकडलं, देशभर गदारोळ झाला, श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. म्हणजे नुसतं कोणाला राग आला म्हणून गुन्हा होत नाही. ही लढाई तरुण पिढीनेच लढली, हे सासऱ्यांना जरूर सांगा. पण बाकीची कलमं जागेवर आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी आहे, समाजासमाजांत तेढ वाढवणं आहे, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं आहे. शेवटी सुटका होईलही, पण तोवर पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या चकरा होतात, आणि त्याच खऱ्या शिक्षा असतात. तेव्हा आजोबांची भीती अगदीच खुळी नाही.

म्हणून पोराला ‘काढून टाक’ म्हणण्याऐवजी ‘बदलून टाक’ म्हणा. ‘अमुक चोर आहे’ हे त्याला सिद्ध करावं लागेल. ‘हा आमचा रस्ता, ही तारीख, रस्ता घराच्या ओट्यापेक्षा एवढा उंच, पाणी इथपर्यंत आलं’ हे पाणीच सिद्ध करतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं होतं. त्यानंतर या शहरात पाण्याचा व्हिडिओ कोणी हसण्यावारी नेत नाही. पट्टी लावून मोजलेलं पाणी शिवीपेक्षा जास्त झोंबतं. दुसऱ्याच्या घरात शिरलेलं पाणी दाखवायचं असेल तर आधी त्या घरच्यांना विचारावं. दुसऱ्याने पाठवलेला जुना व्हिडिओ आजचा म्हणून टाकू नये. रागात केलेली रील एक रात्र फोनमध्ये झोपवावी आणि सकाळी परत ऐकावी.

आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कायदा २००५ चा, अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. त्यात मागायचं : रस्त्याच्या कामाचा आदेश, मूळ रस्ता आणि नवा रस्ता यांची नकाशातली पातळी, पावसाचं पाणी जायला काय तरतूद केली होती, आणि काम बिघडलं तर कंत्राटदाराने किती वर्षं दुरुस्त करून द्यायचं ठरलं होतं. ‘हे काम चुकीचं का केलं?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर येत नाही. कागद मागा.

हा अर्ज कोणाच्या नावाने जावा? मला विचाराल तर सासऱ्यांच्या. त्यांना आता नोकरीची भीती नाही, कॉलेजची नाही, लेखी तक्रार कशी बांधायची ते त्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं येतं, आणि तुमच्या यजमानांचं नाव कुठे येत नाही. मजकूर नातवाने टाइप करावा, आजोबांनी तपासावा. यातून दोघं गळ्यात गळे घालतील असं मी म्हणत नाही. नातू ‘महोदय’ कशाला म्हणून भांडेल, आजोबा त्याचं शुद्धलेखन काढतील. भांडू द्या. ते भांडण एका कागदावरचं असेल.

राहिली तुमची पाटी. ‘या घरात राजकारण बंद.’ ताई, बोलण्याच्या बंदीवरून घर दुभंगलं म्हणून तुम्ही तिसरी बंदी आणताय, हे लिहिताना तुम्हालाही थोडं हसू आलं असणार. माझ्या माहितीतल्या एका घरात असा नियम चार वर्षं पाळला गेला. काय झालं? बोलणं बंद झालं, टीव्हीवरच्यांचं सुरू राहिलं. बाप एका वाहिनीवरून शिकला, मुलगी फोनवरून, आणि एकमेकांना काय वाटतं ते दोघांनाही नातेवाइकांकडून कळायला लागलं.

त्याऐवजी हिवाळी अधिवेशन आठवा. मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात, पोलीस त्यांना ठरल्या जागी अडवतात, तिथे घोषणा होतात, निवेदन दिलं जातं, संध्याकाळी माणसं घरी जातात. कुठे थांबायचं ते ठरलेलं असतं. काय बोलायचं ते मोर्चावाला ठरवतो. घरातही एवढंच करा. ताटावर वाद नाही, कारण तिथे उठून जाता येत नाही आणि भाकरी गार होते. जेवण झाल्यावर अंगणात हवा तेवढा. नातेवाइकांच्या ग्रुपवर घरातल्यांनी एकमेकांना उत्तर द्यायचं नाही, तिथे माणूस समोरच्याशी बोलत नाही, बघणाऱ्यांसाठी बोलतो. वडीलधाऱ्यांना पाहुण्यांदेखत टोकायचं नाही, आणि वडीलधाऱ्यांनी नंतर एकांतात सांगितलेलं ‘तुम्ही काल बोलला ते मला लागलं’ हे ऐकून घ्यायचं, ‘आजकालची पोट्टी’ अशी सुरुवात न करता. एवढे चार नियम पुष्कळ झाले. हे नियम मोडले की कोणी कोणाला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा चहा करावा लागतो. माझे यजमान आता फार चांगला चहा करतात.

आता तुमचा कंस.

तुम्ही मागच्या वर्षी हसलात. मीही अशा मांडवात हसले आहे, शेजारणीही हसल्या आहेत. बायकोच्या जाडीवरचा विनोद आला की रांगेतल्या बायका आधी हसतात, कारण न हसणारीकडे सगळे वळून बघतात. ते हसू विनोद आवडल्याचं होतं, की सवयीचं, की सुटकेचं? मला ठाऊक नाही. तुम्हाला थोडं ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही ती ओळ कंसात टाकली नसती. मंडळात कोणी तुम्हाला विचारलं नाही, रील काढताना विचारलं नाही, आणि सगळं पत्र तुम्ही त्या तिघांच्या वतीने लिहिलंत. तुमचं म्हणणं सबंध पत्रात एका ओळीचं आहे, आणि तेही कंसात.

तो कंस काढा आणि ती ओळ अंगणात म्हणून बघा. मुलाला वाटतंय की तो तुमच्या बाजूने लढला, पण त्याने तुम्हाला विचारलं नव्हतं. सासऱ्यांना वाटतंय की मांडवातल्या सगळ्यांना मजा येत होती, पण त्यांनीही विचारलं नव्हतं. ‘मागच्या वर्षी मी हसले होते’ एवढ्यापासून सुरू करा. पुढे जे येईल ते दोघांपैकी कोणाच्याच बाजूचं नसेल कदाचित. तुम्हाला असंही वाटत असेल की कार्यक्रम व्हायला हवा होता, आणि तुम्ही उठून यायला हवं होतं. असेल तर तसंच सांगा. सासूबाईंनाही बाहेर खुर्ची टाका.

आणि रील पुन्हा करायची ठरली तर पट्टी मुलाने धरावी. सासऱ्यांना उत्साह आला तरी त्यांना पाण्यात उभं करू नका, त्यांना ओट्यावर बसवून तारीख-वेळ सांगायला लावा. आवाज अजून खणखणीत असेल त्यांचा.